पशुपतीच्या नगरीत पुनश्च

आज महाशिवरात्र. घरोघरी बिल्वपत्रे निवडली जात असतील, देवघरांतून रुद्रपठणाचे स्वर उमटत असतील. आणि तिकडे काठमांडूत, बागमतीच्या तीरी, पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी लक्षावधी भाविक रांगेत उभे असतील. त्या नगरीचे आमच्यावर जुने ऋण आहे. १९८५ साली आमच्या गुरुजींनी आम्हांस तेथे नेले, ते यात्रेसाठी नव्हे, तर ताडपत्रांवरील पोथ्या पाहण्यासाठी. स्कंदपुराणाची इसवी सन ८१० मधील प्रत तेथील राष्ट्रीय अभिलेखालयात जपून ठेवलेली आहे. दिवसभर पोथ्या आणि सायंकाळी काष्ठमंडप, असा आमचा दोन महिने क्रम होता.

काष्ठमंडप हे रूढ अर्थाने देऊळ नव्हे. तीन छपरांचा तो लाकडी मंडप. मध्यभागी गोरक्षनाथांची मूर्ती. एकाच वृक्षाच्या लाकडातून तो उभा राहिला अशी आख्यायिका आहे, आणि नगरीचे नावही त्याच्यावरूनच पडले. आपल्या ज्ञानोबांच्या गुरुपरंपरेतील गोरक्षनाथ हिमालयाच्या कुशीत असे अवचित भेटले, म्हणून आमचा जीव त्या जागी जडला. हमाल पाठीवरचे ओझे उतरवून तेथे टेकत, कोणी भजन म्हणे, कोणी नुसताच पेंगत असे. देवाने कोणालाच कधी उठविले नाही.

२५ एप्रिल २०१५ रोजी मध्यान्हीच्या किंचित आधी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे दगावली. काष्ठमंडप कोसळला. त्या वेळी तेथे रक्तदानाचे शिबिर भरले होते. परक्या जिवासाठी रक्त द्यावयास आलेली माणसे त्या लाकडांखाली गेली.

आता एक कबुली देणे भाग आहे. त्या वर्षी आम्ही कीर्तनांतून पशुपतिनाथाचे मुख्य मंदिर शाबूत राहिल्याची कथा मोठ्या आवेशाने सांगितली. टाळ्याही मिळाल्या. एके रात्री आरती झाल्यावर आमच्या आळीतील एक वृद्ध बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “बुवा, पशुपतीने आपले देऊळ राखले म्हणता, मग गोरक्षनाथाने रक्त देणाऱ्यांना का राखले नाही?” आम्ही काहीतरी पूर्वकर्माचे बोललो. बाई नमस्कार करून गेल्या. ज्या मंदिराचा आम्ही जयजयकार केला, त्याच्याच पायथ्याशी घाटावर त्या दिवसांत चिता ओळीने जळत होत्या, हे आम्ही कीर्तनात सांगितले नव्हते.

२०२३ च्या माघात पुन्हा जाणे घडले. राणीपोखरीत पाणी होते. तिच्या डागडुजीत काँक्रीट घालू लागले, तेव्हा नगरजनांनी ते अडविले. २०२० मध्ये मधले बालगोपालेश्वराचे मंदिर जुन्या मल्लकालीन धाटणीने पुरे झाले. काही गल्ल्यांत मात्र घरांना अजून टेकू दिलेले होते. काष्ठमंडप २०२२ मध्ये पुन्हा उभा राहिला, तोही लाकडाचा, विटांचा, स्थानिक लोकांच्या समितीच्या देखरेखीखाली. सात वर्षे लागली. आम्हांस ती अधिक वाटली नाहीत. आपल्याकडे कोणताही भूकंप न होता गावोगावचे लाकडी सभामंडप पाडून वर्षभरात सिमेंटचे कळस चढविले जातात, त्या घाईपेक्षा ही सावकाशी आम्हांस अधिक शास्त्रोक्त वाटली.

आमच्या प्रश्नाचा धागा सापडला तो तेथेच. पडझडीनंतर पुरातत्त्वज्ञांनी जमीन उकरली, तेव्हा मंडपाचा पाया थेट सातव्या शतकापर्यंत मागे गेला, आणि तो अभंग होता. परंतु चार मुख्य खांबांपैकी एक आपल्या तळखड्यावर बसलेलाच नव्हता. विसाव्या शतकातील दुरुस्तीत ही उणीव राहून गेली आणि वर फरशी आली. मंडप कोसळण्यामागे हे एक कारण असावे, असे अभ्यासक मानतात. आम्ही नव्या खांबाला हात लावून बराच वेळ उभे होतो. सातव्या शतकातील माणसांनी आपले काम चोख केले होते. ते वरून झाकणारे आमच्याच काळातले.

परतल्यावर त्या बाईंकडे गेलो. वय नव्वदीच्या घरात, परंतु कान तीक्ष्ण. सारे ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, “म्हणजे देवाचा नाइलाज झाला म्हणा. पण बुवा, आपल्या रामाच्या देवळाचे खांब कोणी पाहिले आहेत?”

दुसऱ्या दिवशी सुताराला घेऊन आम्ही देवळात गेलो. आठ खांब, सागवानी, जुने. खाली चकचकीत फरशी. ती घालण्यासाठी वर्गणी आम्हीच कीर्तनातून गोळा केली होती. सुताराने प्रत्येक खांबाच्या तळाशी टिचकी मारून पाहिली. सहा खणखणीत वाजले. उरलेल्या दोहोंपाशी तो पुन्हा बसला आणि म्हणाला, फरशी काढल्यावाचून सांगता येणार नाही.

रामनवमीपूर्वी ती काढावयाची ठरली आहे.