खात्याची नोंद आणि घरची विचारणा

परदेशी गेलेला मुलगा किंवा मुलगी मायदेशातील घराला जो पैसा पाठवते, ज्याला अर्थशास्त्रात रेमिटन्स म्हणतात, तो मोजण्यासाठी कुटुंबांना विचारत फिरण्याची आता गरज उरलेली नाही, असे मत नागपुरातील अभ्यासकांमध्येही मोठ्या ठामपणे मांडले जाते. त्याचा पूर्वपक्ष थोडक्यात असा की, पैसा हल्ली बँकांतूनच येतो, बँकेत पै न् पैची नोंद होते आणि ती नोंद रिझर्व्ह बँकेपर्यंत पोहोचते. उलट कुटुंबाला विचारावे तर ते आकडा विसरते, लपवते किंवा अन्वेषकाला दारातूनच वाटेला लावते. सबब नमुना पाहणी म्हणजे, अर्थात निवडक घरांना प्रश्न विचारून सगळ्यांविषयीचा अंदाज बांधण्याची पद्धत म्हणजे, वेळेचा आणि सरकारी पैशाचा अपव्यय होय. हा पक्ष सुटसुटीत आहे, परंतु जो प्रश्न सोडवायचा त्याचा अर्धा भाग बाजूला ठेवूनच त्याला हा सुटसुटीतपणा साधला आहे.

ज्या आकड्यांच्या बळावर पाहण्या मोडीत काढायच्या, त्यांतील बरेचसे आकडे मुळात पाहणीतूनच आलेले आहेत. देशात एकूण किती रक्कम आली, २०१०-११ मध्ये ५५.६ अब्ज डॉलर आणि २०२३-२४ मध्ये ११८.७ अब्ज डॉलर, हे व्यवहारतोलावरून, म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या देण्याघेण्याच्या ताळेबंदावरून, समजते. परंतु ती रक्कम कोणत्या देशातून आली, कोणत्या राज्यात गेली आणि कशावर खर्च झाली हे त्या ताळेबंदात नसते, म्हणून रिझर्व्ह बँक परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या अधिकृत बँकांची वेळोवेळी पाहणी करते. तेव्हा वाद पाहणी हवी की नको असा नसून, विचारायचे कोणाला, बँकेला की घराला, असा आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार ५९.२ टक्के रक्कम कुटुंबाच्या चरितार्थासाठी आणि २० टक्के रक्कम बँकांतील ठेवींसाठी आली होती. आता, नागपूरच्या घरात आलेल्या पैशातून किराणा भरला की घराचा वरचा मजला चढवला हे बँकेला कोठून कळणार? व्यवहाराच्या वेळी पर्पज कोड नावाचा संकेतांक नोंदवला जातो, त्यात पी १३०१ म्हणजे कुटुंबाचा चरितार्थ आणि बचत. चरितार्थ आणि बचत हे दोन्ही ज्या एकाच चौकटीत बसतात, तिच्यावरून घराच्या संसाराचा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे.

त्याहून बोलका पुरावा राज्यांच्या वाट्याचा आहे. बँकांच्या पाहणीप्रमाणे २०१६-१७ मध्ये केरळचा वाटा १९ टक्के आणि महाराष्ट्राचा १६.७ टक्के होता. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्र एकदम ३५.२ टक्क्यांवर गेला आणि केरळ १०.२ टक्क्यांवर उतरला; २०२३-२४ मध्ये महाराष्ट्र २०.५ टक्क्यांवर आणि केरळ १९.७ टक्क्यांवर आला. कोविडच्या काळात आखातातून माणसे परतली आणि अमेरिकेतून येणारा पैसा वाढला, हे स्पष्टीकरण काही अंशी मान्य करता येईल. पण केरळात १९९८ पासून जी स्थलांतर पाहणी घरोघर जाऊन केली जाते, तिच्यानुसार परदेशात असलेल्या केरळीयांची संख्या २०१८ मध्ये सुमारे २१ लाख आणि २०२३ मध्ये सुमारे २२ लाख होती. माणसे जवळपास तेवढीच असताना त्यांच्या राज्याचा वाटा अर्ध्यावर येतो आणि पुन्हा दुप्पट होतो, तेव्हा हालचाल घरांत झाली की पैसा ज्या बँकांमधून आणि ज्या मार्गांनी आला त्या मार्गांत झाली, हा प्रश्न विचारणे भाग आहे. आणि त्याचे उत्तर बँकेकडे नाही, कारण बँक खाते ओळखते, घर ओळखत नाही.

येथे पूर्वपक्षाच्या मुळाशी असलेल्या गोंधळाकडे वळले पाहिजे, आणि त्याला जरा जास्त जागा देणे आवश्यक आहे. अनिवासी भारतीयाने परदेशातून आपल्या एनआरई खात्यात, म्हणजे परदेशी कमाई भारतात रुपयांत ठेवण्याच्या खात्यात, रक्कम जमा केली, तर ती व्यवहारतोलात ठेव म्हणून, म्हणजे देशाची देणी म्हणून, नोंदली जाते. तीच रक्कम पुढे कधी तरी भारतात रुपयांत काढली गेली की तिची गणना खासगी हस्तांतरणात, म्हणजे रेमिटन्समध्ये, होते. धरमपेठेतील एखाद्या घरातील मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्या एनआरई खात्यावर आईच्या नावे मुखत्यारपत्र आहे आणि ती दर महिन्याला त्यातून घरखर्चाचे पैसे काढते, असे समजू. येथे पाठवण्याची तारीख एक आणि मोजण्याची तारीख दुसरी, कदाचित दोन वर्षांनंतरची. आता दुसरी शक्यता घेऊ. तोच मुलगा दिवाळीला नागपूरला येतो, त्याच खात्यातून स्वतः पैसे काढतो, स्वतःचे कपडे घेतो, मित्रांना घेऊन ताडोबाला जातो आणि परत जातो. घरात एक रुपयाही दिला गेलेला नाही, तरी नोंदीत देशाला रेमिटन्स मिळाला. तिसरी शक्यता अशी की, तो पैसा खात्यातच पडून आहे, आईला त्याची रक्कम ठाऊकही नाही, आणि अन्वेषकाने विचारल्यावर ती खरेपणाने सांगते की या वर्षी मुलाकडून काही आले नाही. पूर्वपक्ष या उत्तराला लपवाछपवी म्हणतो, आणि एका सरळ बाईवर खोटेपणाचा आरोप ठेवून मोकळा होतो. वस्तुतः तिचे उत्तर अचूक आहे. चुकीचा आहे तो, तिच्या उत्तराला बँकेच्या खात्याशी ताडून पाहणारा. घरोघरच्या पाहण्यांतून येणारी बेरीज व्यवहारतोलातील बेरजेपेक्षा सहसा कमी भरते, हे खरे आहे आणि त्यात विसरण्याचा भागही निश्चित आहे. पण या दोन आकड्यांमधल्या फरकाला सरसकट पाहणीची चूक ठरवणे म्हणजे धरणातील साठा आणि शेतात पोहोचलेले पाणी यांत तफावत आढळली म्हणून शेतकऱ्याला खोटा ठरवण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्यवहारतोल नियमावलीच्या २००९ च्या सहाव्या आवृत्तीतही वैयक्तिक हस्तांतरणाची व्याख्या एका देशातील कुटुंबाकडून दुसऱ्या देशातील कुटुंबाकडे जाणारे हस्तांतरण अशीच आहे. ज्या वस्तूची व्याख्याच कुटुंबाने केली जाते, ती कुटुंबाला न विचारता मोजण्याचा आग्रह समजण्यापलीकडचा आहे.

हा वाद मराठी मुलखाला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांतील चाकरमान्यांवर कोकण जगते, ही समजूत मनिऑर्डरच्या आकड्यांवर पोसली गेली आणि त्यावरून कोकणाला मनिऑर्डरवरची अर्थव्यवस्था हे नावही पडले. पोस्टाची नोंद निःसंशय चोख होती, १८८० पासून मनिऑर्डरची व्यवस्था त्या खात्याने सांभाळली, परंतु तिच्यात गावी जाणाऱ्या भाऊबंदाच्या हाती दिलेले पैसे नव्हते, गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी स्वतः घेऊन गेलेली रोकड, भांडी आणि कापड नव्हते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावाकडून मुंबईला उलट येणारा तांदूळ नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाल्यावर हजारो कामगार गावी परतले आणि त्या शेतांनी व त्या घरांनी त्यांना पोसले. जे गाव केवळ घेणारे म्हणून नोंदले गेले होते ते देणारेही होते, हे पोस्टाच्या पावतीवर कोठेही लिहिलेले नव्हते.

आजच्या नागपूरला हाच उलटा प्रवाह अधिक लागू आहे. येथून शिकायला परदेशी जाणाऱ्यांमागे शैक्षणिक कर्ज असते, कित्येकदा वडिलांचे घर तारण असते, आणि पहिली दोन वर्षे पैसा नागपूरहून तिकडे जातो. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये २५ हजार डॉलरच्या मर्यादेने सुरू केलेल्या आणि आज आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा देणाऱ्या उदारीकृत प्रेषण योजनेत तो वेगळ्याच रकान्यात नोंदला जातो. पुढे नोकरी लागल्यावर मुलगी जे पाठवते त्यातून कर्जाचे हप्ते फिटतात. पर्पज कोडला हा चरितार्थ वाटतो, घराला ती परतफेड वाटते, आणि या दोन समजुतींमध्ये घराची समजूत खरी आहे, कारण हप्ते फिटेपर्यंत त्या घराचे राहणीमान एका पैशानेही सुधारलेले नसते. जाणारा आणि येणारा पैसा एकाच घराच्या वहीत मांडून दाखवणारे साधन घरी जाऊन विचारलेला प्रश्न हेच आहे.

उरलेले आक्षेप फार वेळ घेण्याजोगे नाहीत. लोक आयकराच्या भीतीने सांगत नाहीत म्हणावे, तर जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेली रक्कम घेणाऱ्याच्या हाती करपात्र नसते, हे अन्वेषकाने पहिल्याच वाक्यात सांगावे. खासगीपणाचा भंग होतो म्हणावे, तर सांख्यिकी संकलन कायदा, २००८ वैयक्तिक माहिती उघड करण्यास मनाई करतो. हवालाचा पैसा पाहणीत सापडत नाही असे म्हणणाऱ्यांनी तो बँकेच्या नोंदीत सापडतो काय, हेही सांगावे. आणि प्रगत देशांत असे कोणी विचारत नाही हे तर सरळ चुकीचे आहे, कारण बँकांची आणि नोंदींची कसलीही वाण नसलेल्या अमेरिकेतच ऑगस्ट २००८ मध्ये तेथील नियमित लोकसंख्या पाहणीला स्थलांतराची पुरवणी जोडून, परदेशातील नातलगांना किती पैसे पाठवले, हे पाठवणाऱ्या घरांनाच विचारले गेले.

मंडनाची बाजू मांडताना एक अडचण मान्य केली पाहिजे. परदेशात माणूस असलेली कुटुंबे थोडी असतात आणि ठरावीक वस्त्यांत एकवटलेली असतात, त्यामुळे सरसकट नमुन्यात ती हाताला लागत नाहीत. शिवाय जे घर सगळेच्या सगळे परदेशी गेले त्याच्या दाराला कुलूप असते. पहिल्या अडचणीवर उपाय जुना आहे: निवडलेल्या वस्तीतील सर्व घरांची आधी यादी करायची, परदेशी सदस्य असलेली घरे वेगळी काढायची आणि त्यांतून मोठा नमुना घ्यायचा. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत घर सोडून गेलेल्या माणसांविषयी आणि त्यांनी पाठवलेल्या पैशाविषयी विचारले होतेच. त्या प्रश्नावलीत तीन गोष्टींची भर हवी. रक्कम प्रत्येक परदेशस्थ सदस्यागणिक वेगळी विचारावी. वर्षाचा एकच आकडा मागण्याऐवजी गेल्या तीन महिन्यांतील प्रत्येक वेळची रक्कम आणि मार्ग विचारावा. आणि घराकडून परदेशी गेलेला पैसा, कर्जाच्या हप्त्यांसह, त्याच पानावर घ्यावा. दुसऱ्या अडचणीवर उपाय नाही, आणि तो असल्याचा दावा करण्याचीही गरज नाही, कारण ज्या घरात कोणी उरलेले नाही त्याच्या चरितार्थाला पैसाही येत नाही.

नागपुरात हे घडवणे कठीण नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या देशातील मोजक्या केंद्रांपैकी एक याच शहरात आहे, आणि राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते. त्या समालोचनात जिल्ह्यातील पिके, बँकांच्या शाखा आणि रस्त्यांची लांबी मिळते. किती घरांतील माणूस परदेशात आहे आणि त्यांपैकी किती घरे अजून त्याच्या शिक्षणाचे कर्जच फेडत आहेत, यासाठीही त्यात एक तक्ता असावा.