‘पोलिसापुरतं’ हेल्मेट विकू नका, आणि घेऊही नका



आमच्या कारंजाच्या दुकानात हेल्मेटचं गिऱ्हाईक आलं की निम्म्या वेळा पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “भाऊ, चांगलं नको, पोलिसापुरतं दाखवा.” म्हणजे चौकातून गाडी सुटली पाहिजे, बाकी काही नको.

या एका वाक्यावर कितीतरी लोकांचा धंदा चालतो. रस्त्याच्या कडेला बांबूवर टांगलेली दोनशे-अडीचशेची हेल्मेटं तुम्ही पाहिलीच असतील. तुमच्यापैकी कुणी ऑटो पार्ट्स, गॅरेज किंवा ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचा विचार करत असेल, तर सप्लायर सगळ्यात आधी हाच माल दाखवेल. “मार्जिन डबल आहे, लगेच उठतो.” उठतो, हे खरं आहे. मीही विकलाय. म्हणूनच आज हे लिहितोय.

आठ-नऊ वर्षांपूर्वी दुकान नवीन होतं. शहरात हेल्मेटची मोहीम लागली आणि मी एक पोतंभर स्वस्त माल आणला. चार दिवसांत संपला. मी खूश. महिन्याभराने एक ओळखीचे काका आले आणि काउंटरवर दोन तुकडे ठेवले. त्यांच्या मुलाची गाडी मंगरूळपीर रोडवर गिट्टीवरून घसरली होती. स्पीड फार नव्हता. हेल्मेट मात्र मधोमध फुटलं, पोराच्या डोक्याला टाके पडले. नशीब म्हणून वाचला. काका चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पैसे नाई मांगत बापू. तुह्याच दुकानातलं हाय, पाहून ठेव.”

मी तुकडे पाहिले. वरचं प्लास्टिक बादलीच्या झाकणाइतकं पातळ, आत उशीत असतो तसा स्पंज. बस. त्या दिवशी एक नियम केला आणि तो आजपर्यंत पाळतोय : जी वस्तू माझ्या घरच्या माणसाच्या डोक्यावर ठेवणार नाही, ती गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवायची नाही.

हेल्मेट वाचवतं कसं, हे आधी समजून घ्या

वाचवण्याचं मुख्य काम वरचं कडक कवच करत नाही. कवच मार एका जागेवर बसू देत नाही, पसरवतं, आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. खरं काम त्याच्या आतल्या कडक थर्माकोलच्या जाड थराचं असतं, ज्याला ईपीएस म्हणतात. डोकं आपटलं की तो थर दबतो आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. स्टीलचा डबा फरशीवर पडणं आणि गादीवर पडणं, यात जो फरक आहे तोच हा.

दबलेला थर्माकोल परत फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी त्याचं काम संपलं. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नका, ते यासाठीच.

हे काही नवीन ज्ञान नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये ह्यू केर्न्स नावाच्या मेंदूच्या सर्जनने लष्करातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा अभ्यासल्या आणि 1941 मध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा धोका साधारण 69 टक्के कमी होतो. आपल्या देशात 2022 या एका वर्षात हेल्मेट न घालता गेलेल्यांचा सरकारी आकडा 50,029 आहे. त्यात 14,337 जण मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागत नाही असं म्हणणाऱ्याला हा आकडा सांगा.

आपल्या जिल्ह्यात तर समृद्धी महामार्ग गावाशेजारून जातो, पण दुचाकीला त्यावर परवानगी नाही. आपली गाडी जुन्याच रस्त्यावर. तिथे सोयाबीनच्या ट्रॉल्या आहेत, बिनलाइटचे ट्रॅक्टर आहेत आणि अंधारात अचानक आडवा येणारा रोही आहे.

लोक हेल्मेट का घालत नाहीत?

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. लोक बेफिकीर आहेत म्हणून हेल्मेट घालत नाहीत, हे अर्धंच खरं. बाकी अर्धं कारण म्हणजे त्यांना चुकीच्या मापाचं हेल्मेट विकलेलं असतं. कपाळ दुखतं, मान अवघडते, मे महिन्यात आत भट्टी पेटते. माणूस दोन दिवस घालतो, तिसऱ्या दिवशी आरशाला टांगतो. टांगलेलं हेल्मेट कितीही भारी असलं तरी शून्य कामाचं. म्हणून आराम ही चैन समजू नका. आरामदायी हेल्मेटच रोज डोक्यावर राहतं.

आपण बुटाचा नंबर विचारतो, शर्टाचं माप घेतो आणि हेल्मेट मात्र रंग पाहून देतो. नवीन गाडीसोबत मिळालेलंही तसंच घरी नेतो, मग डोकं लहान असो की मोठं.

माप घ्यायची पद्धत

स्वतःसाठी घेताना आणि गिऱ्हाइकाला देताना हेच करा.

1. शिंप्याचा टेप घ्या. भुवयांच्या इंचभर वरून, मागच्या उंचवट्यावरून डोक्याचा घेर मोजा. 57-58 सेंटिमीटर आला तर साधारण मीडियम, म्हणजे 580 मिलिमीटर. 59-60 आला तर लार्ज, म्हणजे 600. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, तिचा तक्ता पाहा.

2. हेल्मेट घालून दहा मिनिटं बसवा. चहा पाजा. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, कारण अस्तर काही आठवड्यांत बसतं. पण कपाळावर एकाच जागी दुखत असेल तर साइज बरोबर असूनही आकार त्या डोक्याचा नाही. दुसरं मॉडेल द्या.

3. मान डावी-उजवीकडे झटकायला सांगा. हेल्मेटसोबत गालाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरत असेल तर ते मोठं आहे.

4. पट्टा लावा. हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जातील इतका घट्ट. मग मागच्या कडेला धरून हेल्मेट वर आणि पुढे ओढून पाहा. डोक्यावरून निघालं तर ते अपघातातही निघेल. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे टोपी.

5. चष्मा असेल तर चष्म्यासकट ट्रायल. ताईंचा अंबाडा असेल तर हेल्मेट वर उचललं जातं, वेणी किंवा केस खाली बांधून बसवा. जाड ओढणी गुंडाळून माप घेऊ नका, आत पातळ सुती टोपी पुरते.

शक्यतो पूर्ण तोंड झाकणारं घ्या, कारण पडताना हनुवटी आणि जबडाही आपटतो. हवेची छिद्रं, धुता येणारं अस्तर आणि साधी पारदर्शक काच पाहा. काळी काच दुपारी छान वाटते, रात्री तीच घात करते.

खरा माल कसा ओळखायचा

हेल्मेटवर आयएसआय मार्क हवा. त्याच्या वर आयएस 4151 हा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. नुसत्या स्टिकरवर विश्वास नको. बीआयएस केअर ॲपवर तो नंबर टाका, कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे का ते दिसतं. अस्तराची कड उचलून आत कडक थर्माकोल आहे का तेही बघा. नावाजलेल्या ब्रँडचीही नक्कल निघते, म्हणून माल डिस्ट्रिब्युटरकडून आणि पक्क्या बिलावरच घ्या.

दुकानदारांनो, हा विषय फक्त मनाचा नाही. 1 जून 2021 पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदेशीर आहे. बीआयएस कायदा 2016 प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. शंभर रुपये मार्जिनसाठी किती हेल्मेटं विकल्यावर दोन लाख होतात, याचा हिशोब तुम्हीच करा.

“पण भाऊ, गिऱ्हाईकच स्वस्त मागतं”

मागतं. आणि काही जण माझ्या दुकानातून उठून समोरच्या बांबूवाल्याकडे जातातही. सुरुवातीचे सहा महिने मला हे जड गेलं, खोटं सांगणार नाही. सगळ्यांना अडीच हजाराचं परवडत नाही, हेही खरं. पण हजाराच्या आत-बाहेर साधं, आयएसआयचं हेल्मेट मिळतं. महागड्या हेल्मेटच्या किमतीत ग्राफिक्सचा, दिसण्याचाही वाटा असतो. गरीब माणसाला साधं द्या, खोटं देऊ नका.

सुरुवात लहान करा. एक-दोन मॉडेल, तीन साइज, मिळून बारा-पंधरा नग पुरे. सोबत जादा काचा, बकल आणि सुती टोप्या ठेवा. काच ओरखडली की गिऱ्हाईक परत तुमच्याकडेच येतं. काउंटरवर टेप आणि आरसा ठेवा. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त कमाई करून देणारी वस्तू तो वीस रुपयांचा टेपच आहे. ज्याचं डोकं मी मोजलं, तो पुढे भावाला आणि बायकोलाही घेऊन येतो. आणि व्हेगासारखी कंपनी आपल्या शेजारच्या बेळगावात उभी राहिली, म्हणजे या धंद्यात लहान गावाला जागा नाही असं समजू नका.

शेवटचं तुमच्यासाठी. धंदा सुरू करताना तुम्ही माल आणायला अकोल्याला, वाशिमला बाईकवरच जाणार. फर्निचर, बोर्ड, शटर सगळ्यासाठी बजेट काढता. त्या यादीत पहिल्या नंबरवर तुमच्या मापाचं एक हेल्मेट लिहा. दुकानाचा विमा नंतर काढता येईल. पण पहिली दोन वर्षं दुकान चालतं ते फक्त मालकाच्या डोक्यावर.

ते काका अजूनही येतात. मागच्या दिवाळीत नातवासाठी लहान साइज घेऊन गेले. मी टेप काढायच्या आधी त्यांनीच आतलं अस्तर उचलून पाहिलं. मला अजिबात वाईट वाटलं नाही.