गावची शाळा गावातच राहू द्या

राज्यात इतरत्र जूनच्या मध्यावर शाळा भरतात. आपल्या वऱ्हाडात उन्हामुळे महिनाअखेर उजाडते. त्या मधल्या दिवसांत अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आणि बाई दारोदार हिंडताना दिसतात. यंदा कोणाचं पोट्टं सहा वर्षांचं झालं, कोणाची नात आजोळी राहायला आली, विचारत फिरतात. बरेचदा उत्तर येतं, "गुर्जी, याले त कॉन्व्हेंटात टाकलं ना आमी."

मी त्या बापाला बोल लावणार नाही. ज्याचा जन्म कापसाच्या भावाची वाट पाहण्यात गेला, त्याला पोरानं इंग्रजी बोलावं असं वाटणारच. पण त्याचा भार शेजारच्या मजुराच्या पोरीवर पडतो. ऐपतीच्या घरची मुलं गाडीत बसून तालुक्याला गेली की पट उतरतो, पट उतरला की शिक्षक कमी होतो, आणि एकटा गुरुजी चार वर्ग सांभाळतो म्हणून उरलेलीही निघून जातात.

मग सरकार हिशेब मांडतं. 2017 साली दहाहून कमी पटाच्या सुमारे 1300 शाळा बंद करायचं ठरलं. 2023 मध्ये वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचा विचार पुढे आला. वीसहून कमी पटाच्या शाळा राज्यात 15 हजारांच्या घरात भरल्या. मोठ्या शाळेत सवंगडी मिळतील, खेळाचे शिक्षक मिळतील, हे म्हणणं खोटं नाही. वर्गात एकटंच बसलेलं लेकरू मलाही बघवत नाही. तरीही शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत हवी, हा नियम विचार करूनच केला गेला. मेळघाटात श्रावणात नाला भरला की पलीकडची शाळा नकाशावरच जवळ राहते. गाडी आली नाही, की आधी पोरीची शाळा सुटते.

मेळघाटाचं दुखणं आणखी खोल आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. पहिलीतल्या मुलाला बाईंचं बोलणंच परकं असतं, तेव्हा पाड्यावरची कोणी ताई शाळेच्या दाराशी उभी राहून ते समजावते. सोयाबीन सोंगायला आईबाप खाली मैदानात उतरले की मुलंही जातात आणि परत येतात ती या ओळखीच्या दारात. वीस किलोमीटरवरच्या शाळेत त्यांचं नाव कोण लक्षात ठेवणार?

अमरावती हा गाडगेबाबांचा जिल्हा. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात मामाकडे गुरं राखण्यात ज्यांचं बालपण गेलं, ते बाबा गावोगाव सांगत फिरले की ताट विका, हातावर भाकरी खा, पण पोरांना शिकवा. 1928 मध्ये पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. विहिरीवरचं पाणी आणि शाळेतली टाटपट्टी, दोन्हींवर सगळ्या आळ्यांचा सारखाच हक्क, हा त्यातला अर्थ आजही जुना झालेला नाही. गावात देवळं अनेक असतात, समाजमंदिरंही आपापली. सगळ्यांची म्हणावी अशी इमारत बहुतेक ठिकाणी शाळाच. तिथेच मतदान, तिथेच लसीकरण, लग्नाचं वऱ्हाड तिथेच उतरतं. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बाईचं घर त्या चुलीवर चालतं. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असं कायदाच सांगतो. कित्येक आयांनी पहिल्यांदा सभेत तोंड उघडलं ते तिथेच.

म्हणून शाळा बंद करण्याआधी ग्रामसभेला विचारलंच पाहिजे. गावानंही यंदा पट सभेत वाचावा, बाहेर जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना बोलवावं, त्यांना नेमकं काय हवं ते ऐकावं. इंग्रजी हवं असेल तर ते इथेच नीट शिकवण्याची सोय मागावी. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर पोळ्याच्या आत ठराव करून पंचायत समितीत नेऊन द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.