तीळ दिसतो, पडदा दिसत नाही

फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे एका श्वासात पाण्याखाली उतरण्याचा, सीझन संपला, बॉय आणि दोर गुंडाळून माळ्यावर गेले, की आमच्याकडे पत्रं यायला लागतात. यंदा बहुतेकांची तक्रार एकच आहे: वैद्यकीय दाखला. कोकण किनाऱ्यावरच्या एका सभासदाने परवानगी देणाऱ्या कार्यालयाचा छापील नमुनाच सोबत जोडला आहे. त्यात नाव, वय, उंची, वजन, रक्तगट आणि रक्तदाब आहे. ओळखीची खूण लिहायला स्वतंत्र ओळ आहे. म्हणजे विद्यार्थ्याच्या उजव्या गालावर तीळ असला तर त्याची सरकारदरबारी नोंद होणार. कानाच्या पडद्याला भोक आहे का, नाक चोंदलेलं आहे का, सायनसचं ऑपरेशन झालंय का, यासाठी मात्र एकही ओळ नाही. शेवटी एक ठरलेलं वाक्य, 'सदर व्यक्ती जलक्रीडेस योग्य आहे', आणि खाली शिक्का.

या सभासदाचा एक विद्यार्थी शहाणा निघाला. सर्दी नुकतीच ओसरली होती म्हणून तो आपण होऊन कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेला, टिम्पॅनोमेट्री करून आला. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: डाव्या मध्यकर्णात दाब उणा आहे, पंधरा दिवस पाण्याखाली नेऊ नये. कार्यालयाने तो कागद परत केला. कारण? विहित नमुन्यात नाही. मग त्याच आवारात विहित नमुन्याचा दाखला घ्यायला लावला. शर्टाची बाही न सारता रक्तदाब मोजला गेला आणि सही झाली. जो कागद 'नको' म्हणत होता तो अवैध आणि जो काही न बघता 'हो' म्हणाला तो वैध! सभासदाने त्या मुलाला दोरावर घेतलं नाही, हे त्याचं नशीब. वर त्याच कार्यालयातून विचारणा झाली, की योग्य ठरवलेल्या व्यक्तीला प्रवेश का नाकारला?

आपल्या वाचकांना मूळ गणित सांगायला नको, पण त्या टेबलापलीकडच्या मंडळींसाठी एकदा लिहून ठेवतो. समुद्राच्या पाण्यात दर मीटरला साधारण 75 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब वाढतो. कानाच्या आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक 90 च्या आसपास गेला की युस्टेशियन नळीचं तोंड दाबून बंद होतं आणि मग कितीही फुंकलं तरी उघडत नाही. म्हणजे इक्वलाइज न करता, कानात हवा ढकलून दाब सारखा न करता, सव्वा मीटर गेलात तरी पुरे. कमरेएवढ्या पाण्यापेक्षा थोडंच जास्त. छातीचं, हृदयाचं जे काही असेल ते पुढे. फ्रीडायव्हिंग शिकणाऱ्याचा पहिला खोळंबा होतो तो इथे, आणि नेमकी हीच जागा तपासायची दाखल्याला गरज वाटत नाही.

आंतरराष्ट्रीय संस्था वापरतात ती 2020 ची प्रश्नावली याहून बरी आहे. त्यात कानाचे आजार, कानाचं ऑपरेशन, वर्षभरात वारंवार झालेला सायनसचा त्रास, सहा महिन्यांतली सायनसची शस्त्रक्रिया हे सगळं विचारलेलं आहे. पण एका 'हो'मुळे डॉक्टरची फेरी मागे लागते, हे विद्यार्थ्याला ठाऊक असतं. तो सगळीकडे 'नाही' करतो, आणि आपण? आपण पेन पुढे करतो. बॅच भरायची असते, बोट ठरलेली असते. तेव्हा कार्यालयावर ओरडताना आवाज जरा बेतानेच चढवावा.

कारण दुसरी पत्रं विद्यार्थ्यांची आहेत, आणि ती वाचून आमच्याच लोकांचा राग आला. दोन-तीन दिवसांच्या कोर्समध्ये फ्रेंझेल, म्हणजे जिभेच्या दाबाने हवा ढकलून इक्वलाइज करणं, शिकवायला किती वेळ दिला जातो? बऱ्याच ठिकाणी चहा पिता पिता अर्धा तास. मग पोरगं पाण्यात उतरतं आणि जे येतं तेच करतं, म्हणजे वल्साल्व्हा: नाक धरून छाती-पोटाच्या जोराने फुंकणं. डोकं वर असताना ते तीन-चार मीटरपर्यंत निभावतं. डोकं खाली केलं की पोटातल्या स्नायूंचा जोर पुरत नाही, हवा छातीकडे पळते, आणि वरून आपला उपदेश ठरलेला: जोरात फुंक, अजून जोरात! या जोराने आतल्या कानाची खिडकी फाटू शकते. मग चक्कर, कानात शिट्टी, ऐकू कमी येणं. ही तातडीने तज्ज्ञाकडे नेण्याची गोष्ट आहे, 'दोन दिवस आराम कर' म्हणण्याची नाही.

यावर काही जुने सभासद म्हणतात, आमच्या गावची पोरं कुठे कोर्स करतात? विहिरीत रुपया टाकला तर तळातून घेऊन येतात. येतात ना. पण ज्यांचा कान फुटला, वाहायला लागला, आईने ज्यांची विहीर बंद केली, ती पोरं काठावर बसली. त्यांना कोणी मोजलेलं नाही.

नाकात मारायच्या स्प्रेबद्दल तर लिहून हात दुखले. शनिवारी सकाळी बोटीवर प्रशिक्षकाच्याच पिशवीतून झायलोमेटॅझोलिनची बाटली निघते आणि प्रसादासारखी फिरते. उतरताना कान उघडतात, सगळे खूश. औषधाचा जोर पाण्यातच उतरला तर वर येताना हवा अडकते. कपाळात सळ उठते, मास्कमध्ये रक्त दिसतं. फ्रीडायव्हरला रिव्हर्स ब्लॉक झाला तर वाट बघायला टाकी नाही, श्वास धरलेला आहे. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरलं की नाक उलट जास्तच चोंदतं, ते वेगळंच. चोंदलेल्या नाकाने आलेल्याला परत पाठवा. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलं घ्यावं, मीठ बेताचं, आणि नेती झाल्या झाल्या पाण्यात शिरू नये.

आणखी एक. संध्याकाळी विद्यार्थी म्हणतो, कान भरल्यासारखा वाटतोय. आपण म्हणतो, पाणी गेलंय, एका पायावर उड्या मार. घरी गेल्यावर कोणीतरी कोमट तेल घालतं. अहो, ते पाणी बाहेरचं नसतं! बरेचदा स्क्वीझने, म्हणजे दाब सारखा न झाल्याने, पडद्यामागे साचलेला द्रव असतो, कधी रक्त. पडदा फाटला असेल तर त्यावर तेल म्हणजे जंतूंना आमंत्रण. कान सुका ठेवायचा, कापसाची काडीसुद्धा घालायची नाही, तज्ज्ञाला दाखवायचं आणि तो सांगेल तोवर पाणी बंद.

आता काय करायचं ते. पाऊस लागलाय, समुद्र बंद आहे, हेच कामाचे महिने आहेत. फ्रेंझेल कोरड्यावरच येतं. पुढच्या सीझनची नोंदणी घेताना विद्यार्थ्याला आधीच आरशासमोर बसवा: नाक चिमटीत, कंठ बंद, जिभेच्या मागच्या भागाने 'क' म्हणतो तसा दाब, नाकपुड्या फुगल्या आणि पोट हललं नाही, तर जमतंय. व्हिडिओ मागवा. ज्याला कोरड्यावर जमत नाही त्याला दोराच्या टोकाला पाठवण्यात काय हशील? पाण्यात पहिल्या दिवशी पाय खाली, हाताने दोर धरून, पहिल्या तीन मीटरांतच वारंवार वर-खाली. पृष्ठभागावर एकदा इक्वलाइज, मगच सुरुवात. मान वर करून दोराच्या टोकाची बॉटम प्लेट शोधणाऱ्याची हनुवटी आत घ्यायला लावा. दुखेपर्यंत थांबणं ही चूक, आणि दुखल्यावर रेटणं हा गुन्हा. दुखलं की वर.

कार्ड राहिलं तर राहू द्या. कोर्स अर्ध्यावर ठेवून पुढे पूर्ण करायची सोय असते, पण ती फी घेताना सांगायची असते. शेवटच्या दुपारी, बाराव्या मीटरवर अडलेल्या पोराला नाही. पैसे भरलेत म्हणून तो रेटतो, आणि आपण रेटू देतो.

प्रत्येक शाळेने एक ऑटोस्कोप घ्यावा. निदान आपण करायचं नाही, पण पडदा लाल दिसतोय की नाही एवढं एखाद्या डॉक्टरकडून शिकता येतं. आणि त्या कार्यालयासाठी आम्ही एक पानाचा सुधारित नमुना तयार करतो आहोत: दोन्ही पडद्यांची स्थिती, इक्वलाइज करताना पडदा हलतो का, नाकाचा पडदा वाकडा आहे का, सायनसचा पूर्वेतिहास. ओळखीची खूण हवी तर राहू दे. त्यावर सह्या लागतील. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि मुंबई-पुण्यातले जे कान-नाक-घसा तज्ज्ञ डायव्हर्सना तपासायला तयार असतील, त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने नावं महिनाअखेरीपर्यंत आमच्याकडे पाठवा. यादी पुढच्या अंकात छापू. गेल्या वर्षीही मागितली होती, तेव्हा कोणी पोस्टकार्डसुद्धा टाकलं नाही.