खरखर कोणाची?

संगणकाला वेगळे साउंड कार्ड बसवले की गाणे अधिक चांगले ऐकू येते, ही समजूत एके काळी अगदी खरी होती. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ आले, तेव्हा सामान्य पीसीला ‘बीप’ यापलीकडे फारसे काही बोलता येत नव्हते. पुढे १९९७ मध्ये इंटेलने ‘एसी ९७’ आणि २००४ मध्ये ‘एचडी ऑडिओ’ ही मानके आणली आणि ध्वनीची सोय मदरबोर्डवरच होऊ लागली. कार्डाची निकड संपली. समजूत मात्र उरली. समजुती वस्तूंपेक्षा दीर्घायुषी असतात.

साउंड कार्डाचे काम तसे नम्र आहे. फाइलमधल्या आकड्यांचे विद्युत्‌लहरीत रूपांतर करायचे, एवढेच. सीडीवर प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. एवढे रूपांतर आजच्या चांगल्या मदरबोर्डवरची चिप नेटकेपणाने करते. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत तिचा जेमतेम अकरावा हिस्सा. कानाला जाणवणार नाही असे मानून जे वगळले गेले, ते कोणतेही कार्ड परत आणू शकत नाही. तानपुऱ्याची जवारी बोथट वाटत असेल, तर आधी फाइल तपासावी, मग स्पीकर, आणि मग तो ज्या खोलीत ठेवला आहे ती खोली. कार्डाचा क्रम शेवटचा.

अपवाद आहे. माउस हलवताच हेडफोनमध्ये बारीक किणकिण ऐकू येत असेल, तर संगणकाच्या पोटातला विजेचा गोंगाट ध्वनीच्या वाटेत शिरतो आहे असे समजावे. तेव्हा यूएसबीला जोडायची साधी बाहेरची डबीही बहुधा उपयोगी पडते. कारण रूपांतर त्या गोंगाटापासून दूर होते.

परंतु हा सारा विचार ऐकण्यापुरता झाला. ध्वनी आत घेण्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला महागात पडला आहे. माझ्या दिवंगत गुरुजींच्या काव्यशास्त्रावरील व्याख्यानांच्या कॅसेटी मी संगणकात उतरवल्या, त्या थेट माइकच्या छिद्रातून. ते छिद्र माइकच्या क्षीण संकेतासाठी असते. टेपरेकॉर्डरचा जोरकस संकेत तिथे फाटतो. आवाज चढला की चिरकत होता, आणि मागे अखंड घूं चालू होती. ‘पुढे नीट करू’ म्हणून मी ते तसेच ठेवले. पुढे एक फीत प्लेअरमध्ये गुंतून तुटली. आता त्या व्याख्यानाचे तेच चिरके रूप एकमेव आहे. ती घूं गुरुजींची नव्हे, माझी आहे. पण ऐकणाऱ्याला ते कसे कळावे?

म्हणून माझे मत असे : ऐकण्यासाठी पैसे खर्च करायचे असतील, तर ते चांगल्या स्पीकरवर करावेत. मात्र घरात जुन्या फिती असतील, तर लाइन-इन असलेले चांगले उपकरण घ्यावे, नसेल तर महिनाभर उसने आणावे, आणि ध्वनी असंक्षिप्त स्वरूपातच साठवावा. ऐकताना झालेली चूक उद्या सुधारता येते. उतरवून घेतानाची चूक, मूळ फीत नाहीशी झाली की, मूळ पाठ होऊन बसते. संहितेची चिकित्सा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे आधी कळायला हवे होते.