लिहून दिलेले मूल

मागे एका रविवारी मिस्सेनंतर एक माउली थांबली. नंदुरबारकडील कुटुंबातील ही मुलगी लग्न करून सुरतेस गेली. नवऱ्याशी पटले नाही, तेथील न्यायालयात उभयतांच्या संमतीने घटस्फोट झाला आणि पाच वर्षांचा मुलगा बापाने सांभाळावा, असे तिने लिहून दिले. (विवाहसंस्काराची गाठ न्यायालयाने सुटत नाही, परंतु तो विषय निराळा.) आज मुलगा नऊ वर्षांचा आहे. बाप यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो, मूल शेजाऱ्यांकडे झोपते, शाळाही सुटली आहे.

"फादर, सही माझीच आहे. आता बोलायला तोंड उरले का?"

उरले आहे. मुलाच्या ताब्याचा हुकूम जमिनीच्या खरेदीखतासारखा कायमचा नसतो. मद्रासकडील एका ख्रिस्ती दांपत्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली हे स्पष्ट केले. असे हुकूम त्या त्या वेळच्या परिस्थितीपुरते असतात. मुलाच्या हितासाठी आवश्यक असेल, तर संमतीने झालेला हुकूमदेखील बदलता येतो. 2010 साली त्याच न्यायालयाने, परस्परसंमतीच्या घटस्फोटात ठरलेल्या अटी पुढे बदलून देणारा निर्णय कायम केला. तेथे आईला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली होती. न्यायाधीशांनी मुलाशी स्वतः बोलून त्याचे मन जाणून घेतले आणि बापाच्या भेटीची सोयही राखली.

मात्र आईला पश्चात्ताप झाला, एवढे कारण पुरत नाही. मुलाच्या जीवनात काय बदलले, हे दाखवावे लागते. म्हणून शाळेचा हजेरीचा दाखला, गुरुजींचे म्हणणे, डॉक्टरांचे कागद आधी गोळा करावेत. हुकूम सुरतेचा आणि मूलही सुरतेस. तेव्हा अर्ज तेथील कौटुंबिक न्यायालयातच. वकिलाच्या खर्चाची धास्ती नको. 1987 च्या कायद्यान्वये स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. पुष्कळ बायांना हे ठाऊकच नसते.

तिच्या भावांचा बेत निराळाच होता. मुलाला भुसावळच्या गाडीत बसवून थेट गावी आणायचे! मी त्यांना खडसावले. नवा हुकूम होईपर्यंत जुनाच पाळावा लागतो. मूल परस्पर उचलले, तर बहिणीचीच बाजू लंगडी पडेल, आणि त्या पोराला दुसऱ्यांदा कोणीतरी न विचारता हलवले असे होईल.

अर्ज दाखल झाला आहे. तूर्त ती ठरलेल्या रविवारी सुरतेस जाते आणि मुलाची वही तपासून परत येते.