गुप्तरोग, लाज आणि नफा

नवा रायपुरात 2018 साली 170 खाटांचे कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्याच्या नावात ‘बाल्को’ आहे. हीच ती सार्वजनिक मालकीची अॅल्युमिनियम कंपनी. 2001 साली वाजपेयी सरकारने तिचे 51 टक्के भाग 551.5 कोटी रुपयांस स्टरलाइटला विकले आणि त्याविरुद्ध कोरब्याच्या कामगारांनी 67 दिवस संप केला. जनतेची संपत्ती खाजगी हाती जावी आणि तिच्या नफ्यातील चतकोर जनतेलाच परोपकार म्हणून परत मिळावा, हा भांडवलशाहीचा परिपाठच आहे. रुग्णशय्येवरील स्त्रीला उपचार हवेतच, त्याविषयी वाद नाही. टाळता येणाऱ्या रोगाने ती तेथवर पोचलीच का, हा खरा प्रश्न आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ बहुतेक सर्वच प्रकरणांत एचपीव्ही या विषाणूत असते. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. या कुळातील 6 व 11 क्रमांकाच्या जाती गुप्तांगावर चामखिळी उठवतात. 16 व 18 क्रमांकाच्या जाती या कर्करोगाच्या सुमारे 70 टक्के प्रकरणांस कारण होतात. म्हणजे चामखीळ हा कर्करोग नव्हे आणि तिच्यावर उपचार आहेत. संसर्ग शरीरसंबंधातील त्वचेच्या स्पर्शाने होतो. निरोधमुळे धोका घटतो. परंतु न झाकलेल्या त्वचेमुळे तो पुरता टळत नाही. बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींच्या शरीरात तो दीर्घकाळ दडून राहतो. म्हणून चामखीळ दिसताच जोडीदाराच्या चारित्र्यावर ठपका ठेवणे केवळ क्रूर नव्हे, अशास्त्रीयही आहे.

तरीही सनातनी वृत्ती या रोगाला पापाचे फळ ठरवते. शिक्षा मात्र स्त्रीलाच होते. ती दुखणे लपवते, भोंदूकडे जाते, नाही तर रस्त्यावर मिळणारे दाहक औषध लावून जखमा करून घेते. लाजेच्या या अंधारावर भोंदूचा धंदा चालतो. मोठ्या बाजाराचे गणितही त्याहून उदात्त नाही. पुण्यात तयार झालेली स्वदेशी लस 2023 साली खुल्या बाजारात आली, तेव्हा एका मात्रेची किंमत सुमारे 2 हजार रुपये होती. बांधकामावरील मजूर स्त्रीने आपली कित्येक दिवसांची मजुरी मोजून मुलीचे आयुष्य विकत घ्यावे, असा हा हिशेब!

उपाय अज्ञात नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 1,31,746 ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठी निवडलेल्या स्त्रियांना मात्र तपासणीविनाच ठेवले गेले. ज्या जिल्ह्याने जगाला हे ज्ञान दिले, त्याच्या लेकींनी त्याची अशी किंमत मोजली.

येथे डाव्या चळवळीतील एका गैरसमजाचाही समाचार घेतला पाहिजे. 2009 साली खम्मम व वडोदरा जिल्ह्यांत पाथ या अमेरिकी संस्थेच्या प्रकल्पात सुमारे 24 हजार मुलींना विदेशी कंपन्यांची लस टोचली गेली. खम्मममध्ये कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. 2010 साली प्रकल्प थांबवावा लागला. 2013 साली संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. हा निषेध न्याय्यच होता. परंतु सात मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दोष होता तो गरिबांच्या मुलींना प्रयोगाचे साधन मानणाऱ्या पद्धतीचा. त्या रागापोटी विज्ञानच नाकारणे म्हणजे कष्टकऱ्यांच्या मुलींना पुन्हा मरणाच्या दारी उभे करणे होय.

केवळ सुई टोचून सरकारची जबाबदारी संपत नाही. शरीरसंबंध सुरू होण्यापूर्वीच्या वयात मोफत लस, पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देऊन घेतलेली संमती, तिशीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि दोष आढळल्यास विनामूल्य उपचार, अशी ही सलग साखळी आहे. तिची एक कडी तुटली तरी सारी साखळी कमकुवत होते. कामगार संघटनांनी व महिला संघटनांनी हा विषय वस्तीसभेत, मजुरांच्या नाक्यावर, पुरुषांच्याही समोर मोकळेपणाने मांडावा. वेतनाची मागणी मांडताना जीभ अडखळत नाही. शरीराच्या आरोग्याची मागणी मांडतानाही ती अडखळू नये.